रोमन थाट, मद्रासी चुना!

चेन्नईला गेलात की काय बघता? मरीना बीच, कपालीश्वराचं देऊळ, टी. नगरची साडीखरेदी आणि फिल्टर कॉफी. बास? मग अर्धं शहर राहिलंच की! रांगेत उंच खांब, वर त्रिकोणी कपाळपट्टी, डावी-उजवी बाजू अगदी सारखी अशा निओक्लासिकल स्टाइलच्या भन्नाट वास्तू इथे उभ्या आहेत. चला, एक फास्ट फेरी मारून येऊ!

पहिला स्टॉप सेंट जॉर्ज किल्ला. आत ‘क्लाइव्ह हाउस’ नावाचं जुनं टाउनहाउस आहे. संरक्षित स्मारक! आणि आत कोण बसतं, माहीत आहे का? खुद्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं चेन्नईचं ऑफिस. म्हणजे रखवालदाराचाच मुक्काम तिजोरीत!

नाव क्लाइव्हचं असलं, तरी हे घर एके काळी एका आर्मेनियन व्यापाऱ्याच्या मालकीचं होतं. पुढे त्याला ‘अ‍ॅडमिरल्टी हाउस’ही म्हणू लागले. मग क्लाइव्ह आला कुठून? १८ फेब्रुवारी १७५३ रोजी किल्ल्यातल्याच सेंट मेरी चर्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हचं मार्गारेट मॅस्केलिनशी लग्न लागलं. पुढच्याच महिन्यात जोडपं जहाजात बसून इंग्लंडला रवाना! या घरातला मुक्काम शॉर्ट अँड स्वीट, नाव मात्र घराला कायमचं चिकटलं.

या मार्गारेटचा भाऊ कोण, माहीत आहे का? नेव्हिल मॅस्केलिन, इंग्लंडचा राजज्योतिर्विद. समुद्रात रेखांश कसे काढायचे, यात त्यानं हयात घालवली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खरी गंमत. या शहरातल्या जुन्या इमारतींच्या भिंती संगमरवरासारख्या चकाकायच्या. पाहुणे थक्क! पण तो संगमरवर नव्हताच. तो होता समुद्रातल्या शिंपल्यांचा चुना, जगभर गाजलेला ‘मद्रास चुनम’. थोडक्यात, मद्रासनं भल्याभल्यांना चुना लावला!

रेसिपी हवी? घ्या लिहून. शिंपले भाजायचे, त्यांचा चुना करायचा. पहिला थर चुना, वाळू आणि गुळाच्या पाण्याचा. त्यावर आणखी बारीक वाळूचा दुसरा थर. तिसऱ्या थराला मात्र थेट स्वयंपाकघरातून माल यायचा. वस्त्रगाळ चुन्यात अंड्याचा पांढरा बलक, दही आणि तूप घोटून घोटून लोण्यासारखं करायचं आणि पातळ हात द्यायचा. मग गुळगुळीत दगडानं घासत बसायचं. घासताना भिंतीला अक्षरशः घाम फुटायचा. तो फडक्यानं टिपायचा आणि परत घासायचं. भिंत कोरडी ठणठणीत होईपर्यंत हेच काम. ही किमया केली ती इथल्या गवंड्यांनी. त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, याची खरंच चुटपुट लागते.

१७८० साली विल्यम हॉजेस हा चित्रकार जहाजातून मद्रासला उतरला. किनाऱ्यावरची ती पांढरीशुभ्र खांबांची रांग पाहून त्याला अलेक्झांडरच्या काळातलं ग्रीक शहरच आठवलं. काय सांगता! शिंपल्यांचा मेकअप इतका फर्स्ट क्लास!

जरा वर बघा. हे छप्पर म्हणजे ‘मद्रास टेरेस’. सागवानी तुळयांवर जेमतेम इंचभर जाडीच्या विटा तिरक्या ओळींत, कडेवर उभ्या लावायच्या, मधे चुना भरायचा. सेंटरिंगची गरजच नाही! वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, तो लाकडी चोपण्यांनी चोपायचा आणि त्यावर गूळ-हिरड्याचं पाणी शिंपडायचं. हिरडा पोटाला चांगला हे आजीनं सांगितलं होतं, छपरालाही चांगला हे माहीत होतं का?

नेक्स्ट स्टॉप! राजाजी हॉल. रोमन देवळाचा रुबाब, समोर ऐसपैस पायऱ्या. रॉबर्टचा मुलगा एडवर्ड क्लाइव्ह मद्रासचा गव्हर्नर असताना १८०२ मध्ये हा ‘बँक्वेटिंग हॉल’ सुरू झाला. प्लासी आणि श्रीरंगपट्टण या दोन लढायांतल्या विजयांची ही यादगार. याच एडवर्डच्या कारकिर्दीत, १७९९ च्या तहानं, तंजावरच्या सरफोजीराजांचा राज्यकारभार कंपनीच्या हातात गेला. मराठी माणसानं त्या पायऱ्या चढताना हे आठवावंच.

आणि हा हॉल बांधला कोणी? आर्किटेक्टनं? छे! मद्रास वेधशाळेतल्या खगोलशास्त्रज्ञानं. नाव जॉन गोल्डिंगहॅम. वडिलांचा मेहुणा मॅस्केलिन ताऱ्यांचा माणूस, मुलाचा बिल्डरही ताऱ्यांचाच. क्लाइव्ह घराण्याचे ग्रहच तसे!

या गोल्डिंगहॅमनं तर कमालच केली. आपल्या घारापुरीच्या लेण्यांवर त्यानं लेख लिहिला. तोफा डागून आवाजाचा वेग मोजला. १८०२ मध्येच त्यानं मद्रासचा रेखांश ठरवला: ८० अंश १८ मिनिटं ३० सेकंद. वेळेच्या हिशेबात ग्रिनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे. हाच तो ‘मद्रास टाइम’! पुढे देशभरच्या रेल्वेची घड्याळं त्यावर चालली. मुंबईची स्थानिक वेळ सुमारे अर्धा तास मागे, त्यामुळे घरचं घड्याळ पाहून स्टेशनवर जाणाऱ्याची गाडी हमखास चुकायची. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली आणि घोळ मिटू लागला.

हॉलला राजाजींचं, म्हणजे सी. राजगोपालाचारींचं, नाव मिळालं १९४८ मध्ये. मेजवान्यांसाठी बांधलेल्या याच वास्तूत अण्णादुराई, एमजीआर, जयललिता आणि करुणानिधी यांना तमिळनाडूनं अखेरचा निरोप दिला.

हायकोर्टासमोरच्या गर्दीत तर चक्क अथेन्स लपलंय! पचैयप्पा हॉल, १८५०, थीसियसच्या मंदिराच्या धर्तीवर बांधलेला. आणि पैसा कोणा साहेबाचा नव्हे, पचैयप्पा मुदलियार या दानशूराच्या इस्टेटीतला.

पण सगळंच झगमगीत नाही हं. किल्ल्यातल्या वेलस्ली हाउसचा काही भाग १९८० मध्ये कोसळला. नुसतं ‘संरक्षित’ म्हणून भागत नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. चुन्याला चुनाच लागतो आणि तो घोटणारे हातही लागतात.

तेव्हा पुढच्या चेन्नई ट्रिपमध्ये अर्धा दिवस किल्ल्यासाठी राखूनच ठेवा. आत विधानसभा आणि लष्कर दोन्ही आहेत, म्हणून ओळखपत्र जवळ असू द्या. आणि शुक्रवारी जाऊ नका, त्या दिवशी किल्ल्यातलं म्युझियम बंद असतं!