पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित?

सोयाबीनचे पैसे हातात आले की बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसरबीड, सिंदखेडराजा, मेहकर या पट्ट्यात मोठ्या गाडीची चर्चा सुरू होते. स्कॉर्पिओ-एन घ्यायची की सफारी, एक्सयूव्ही ७०० घ्यायची की थोडे थांबून थेट फॉर्च्युनर? घरात सात माणसे, लग्नसराई, शेगावची वारी, पुण्यात शिकणारी मुले. गरज खरीच असते. मग घरातला जाणता माणूस शोरूममध्ये बोनेटवर अंगठा दाबून पाहतो, दार धाडकन लावून आवाज ऐकतो आणि निकाल देतो, ‘‘पत्रा जाडा हाये, गाडी वजनदार हाये. काही होत नाही.’’

पंधरा-वीस लाखांचा व्यवहार आणि सात जणांचे जीव या एका वाक्यावर सोडले जातात. वाक्य चुकीचे आहे, आणि ते इतक्या ठामपणे सांगितले जाते की चीड यावी.

बाहेरचा पत्रा गाडीला आकार देतो, ऊन-पाऊस अडवतो. धडकेचा भार पेलतो तो आतला सांगाडा: दारांलगतचे खांब, छताच्या कडा, पायाखालची फरशी आणि पुढचे आडवे-उभे बार. तिथे कोणत्या प्रतीचे पोलाद आहे, हे अंगठ्याला कळत नाही. शिवाय चांगल्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपण्यासाठीच बनवलेला असतो. तो चेपताना धडकेची ऊर्जा खातो आणि माणसे बसतात तो कप्पा शाबूत राहतो. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांना या कल्पनेचे पेटंट १९५२ मध्ये मिळाले. धडकेनंतर बोनेटचा चुराडा झालेली गाडी पाहून ‘डबाच होता’ म्हणणारे बहुतेक वेळा नीट काम केलेल्या गाडीलाच नावे ठेवत असतात.

‘जुन्या गाड्या कशा लोखंडी होत्या’ याचेही उत्तर मिळालेले आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू एकमेकींवर आदळवल्या. जुन्या गाडीचा चालकाचा कप्पा कोसळला. तिथे खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीच्या चालकाला पायाची किरकोळ दुखापत झाली असती, असा पुतळ्यांवरच्या मापकांवरून निष्कर्ष निघाला.

इतके लांब जायचे नसेल तर आपल्याकडचीच उदाहरणे घ्यावीत. २०१६ मध्ये गाड्या मुद्दाम धडकवून त्यांना तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ तपासली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने घडवलेल्या स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. दोन्ही उंच, दोन्ही जड, दोन्हींखाली लॅडर फ्रेमची चॅसी, नावही जवळपास तेच. एप्रिल २०२४ मध्ये बोलेरो निओ तपासली गेली. तीही लॅडर फ्रेमवरची, गावाकडे दणकट म्हणून नावाजलेली. तिला मोठ्यांसाठी एक तारा मिळाला आणि मुलांसाठीही एकच. सांगाडा अस्थिर असल्याचा शेरा वेगळा.

मग वजनाचा काहीच फायदा नाही? आहे, आणि तोही नीट समजून घ्यायला हवा. दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीतल्यांना झटका कमी बसतो. दोन टनांची गाडी एक टनाच्या गाडीवर आदळली, तर जड गाडीच्या वेगात होणारा बदल हलक्या गाडीच्या निम्मा असतो. म्हणूनच एनकॅपचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहायचे असतात. छोट्या गाडीचे पाच आणि मोठ्या गाडीचे पाच एकाच तराजूत घालता येत नाहीत.

पण हा फायदा समृद्धी महामार्गावर किती उरतो? सिंदखेडराजा तालुक्यातून जाणाऱ्या या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. मध्ये दुभाजक असल्याने समोरून गाडी येण्याचा प्रसंग विरळा. धोका असतो तो कठड्याचा, पुलाच्या खांबाचा आणि पुढच्या मालट्रकचा. भरलेला मल्टीॲक्सल ट्रक चाळीस टनांच्या घरात जातो. त्याच्यापुढे आपली गाडी सव्वा टनाची असो की सव्वादोन टनांची, फरक नाममात्र. कठड्याच्या बाबतीत तर वजन उलटते, कारण जितकी गाडी जड तितकी जास्त ऊर्जा तिच्याच सांगाड्याला पचवावी लागते.

आणि वेग? आपल्याकडच्या भारत एनकॅपची समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे १२० ला ती ६४ च्या साडेतीन पट होते. पाच तारे १२० च्या धडकेची हमी देत नाहीत, कधीच देत नव्हते.

महाराष्ट्राने एकाच पावसाळ्यात हे दोनदा पाहिले आहे. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ झालेल्या अपघातात शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा मृत्यू झाला. ते फोर्ड एन्डेव्हरमध्ये होते, म्हणजे बाजारातल्या सर्वांत भारदस्त गाड्यांपैकी एकीत. तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. त्यांच्या गाडीचे मर्सिडीज जीएलसी हे मॉडेल युरो एनकॅपमध्ये २०१५ लाच पाच तारे मिळवून बसले होते. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे दगावले आणि त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले.

‘मागे बेल्ट लागत नाही’ हा दुसरा गैरसमज इथेच संपायला हवा. मागच्या सीटवर बेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की, मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्या सीटवर आदळतो आणि बेल्ट लावून बसलेल्यालाही चिरडतो.

एअरबॅग सहा असल्या की बेल्ट नको, हेही खोटे. एअरबॅग बेल्टच्या जोडीला आहे. लहान लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसणाऱ्या आईसमोर ती प्रचंड वेगाने उघडते आणि मध्ये लेकरू असते.

गाडी घेतल्या घेतल्या पुढे लोखंडी गार्ड बसवायचा, ही हौस केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून बेकायदा ठरवली आहे. चेपण्यासाठी बनवलेला भाग गार्ड चेपू देत नाही आणि धक्का थेट चॅसीत उतरवतो.

नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायर तापतो तो मुख्यतः कमी हवेने, जास्त भाराने आणि वेगाने. दाराच्या चौकटीवर लिहिलेला हवेचा आकडा भरल्या गाडीसाठी वेगळा असतो, तो वाचावा.

फोर बाय फोर असली की ब्रेक चांगले लागतात, असेही सांगतात. चिखलातून निघायला ती कामाची. थांबताना मात्र साऱ्याच गाड्यांची चारही चाके ब्रेक लावतात.

उंच गाडीचा खरा धोका उलटण्याचा असतो आणि त्यावर शोरूममध्ये कोणी अवाक्षर काढत नाही. त्यावर उपाय आहे ईएससी, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीचे एकेक चाक स्वतंत्रपणे आवळून तिला सावरणारी यंत्रणा. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेने २००७ मध्ये अंदाज मांडला होता की, दुसरे वाहन नसलेल्या एसयूव्हीच्या अपघातांतले उलटण्याचे प्रकार ईएससीमुळे ८४ टक्क्यांनी कमी होतील. सनरूफसाठी वरचे मॉडेल घेण्याआधी बेस मॉडेलमध्ये ईएससी आहे का, हे विचारावे. तारे कोणत्या मॉडेलला आणि कोणत्या साली मिळाले, तेही विचारावे. स्कॉर्पिओ-एनचे पाच तारे तिच्याच शेजारी उभ्या स्कॉर्पिओ क्लासिकला लागू होत नाहीत. मुलांचे तारे वेगळे असतात: स्कॉर्पिओ-एनला त्या परीक्षेत तीनच मिळाले होते, तर डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपच्या पहिल्या निकालांत सफारीला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे पाच मिळाले.

शेवटी सारे घर शोरूममध्ये न्यावे. तिसऱ्या रांगेत प्रत्यक्ष बसून बेल्ट लावावा, पडदा एअरबॅग तिथपर्यंत येते का ते पाहावे, आणि सगळ्या सीट उभ्या ठेवून डिक्कीत दोन मोठ्या बॅगा घालून बघाव्यात. पुष्कळ गाड्यांत त्या मावत नाहीत आणि मग सामान छतावरच्या कॅरिअरवर जाते. तिथे चढलेल्या प्रत्येक किलोने गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो.