जनावरांचे साथीचे रोग : कायदा आणि पशुपालकांचे कर्तव्य

गोठ्यातील गाय चारा टाकू लागली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या आणि खुरांच्या बेचक्यात फोड दिसले, की जाणत्या पशुपालकास लाळ्या-खुरकुताची शंका येतेच. अशा वेळी दोन वाटा असतात : पशुवैद्यकास कळविणे, किंवा रोग उघड होण्यापूर्वी जनावर बाजारात विकणे. दुसऱ्या वाटेने एका घराचे नुकसान टळल्यासारखे वाटते. परंतु तोच रोग अनेक गावांच्या गोठ्यांत शिरतो.

पूर्वी या विषयावर निरनिराळ्या राज्यांचे निरनिराळे कायदे होते. रोगास मात्र राज्यांच्या सीमा अडवीत नाहीत. म्हणून संसदेने २००९ साली जनावरांच्या संक्रामक व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण करणारा एकच कायदा संमत केला. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, काळपुळी, सांसर्गिक गर्भपात, लम्पी चर्मरोग इत्यादी रोग त्याच्या अनुसूचीत आहेत.

खबर देणे बंधनकारक

अशा रोगाची शंका येताच जनावराच्या मालकाने वा सांभाळ करणाऱ्याने ग्राम-अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविले पाहिजे. तेथून ही खबर पशुवैद्यकाकडे जाते. आजारी जनावर वेगळे बांधावे, सामाईक कुरणात चरावयास सोडू नये आणि सामाईक पाणवठ्यावर नेऊ नये, असेही हा कायदा सांगतो. रोगट जनावर बाजारात वा जत्रेत आणण्यास मनाई आहे.

खबर दिली म्हणजे जनावर मारले जाईल, ही भीती अनाठायी आहे. इतर जनावरांच्या वा माणसांच्या रक्षणासाठी तसे करणे आवश्यक ठरले, तरच पशुवैद्यक लेखी आदेश देतो.

नियंत्रित क्षेत्र

राज्य शासन एखादा प्रदेश 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून घोषित करू शकते. तेथे लसीकरण सक्तीचे होते, जनावरांच्या ने-आणीवर निर्बंध येतात आणि गुरांचे बाजार बंद ठेवता येतात. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत महाराष्ट्र शासनाने संपूर्ण राज्यच असे क्षेत्र घोषित केले होते. बाजार बंद झाल्याने अनेकांची अडचण झाली. पण हा रोग जनावरांच्या ने-आणीबरोबर दूरवर पोहोचतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निर्बंधाचे कारण उमगते.

मृत जनावराची विल्हेवाट

रोगाने मेलेले जनावर नदी-नाल्यात टाकणे हा गुन्हा आहे. काळपुळीची शंका असल्यास मृतदेह फाडू नये व कातडे काढू नये. रक्त सांडल्यास रोगाचे बीज मातीत मिसळून कित्येक वर्षे जिवंत राहते, आणि माणसालाही ते बाधते.

लसीकरण

लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात यांच्या निर्मूलनासाठी २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच टोचतात. लसीची नोंद जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्यावरून ठेवली जाते. तो बिल्ला काढू नये.

कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. तथापि शिक्षेने गेलेले दुभते जनावर परत येत नाही. वेळेवर दिलेली खबर मात्र शेजाऱ्याचा गोठा वाचविते. ही गोष्ट सरपंचांनी ग्रामसभेत आणि शिक्षकांनी शाळेत समजावून सांगितल्यास कायद्याचा हेतू खऱ्या अर्थाने सफल होईल.