एपिक्युरसचे मृत्युपत्र

अथेन्सच्या दिपिलॉन वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, इ. स. पू. ३०६ च्या सुमारास पस्तिशीतल्या एका गृहस्थाने ८० मीना मोजून एक बाग खरेदी केली आणि आपल्या मित्रमंडळींसह तो तेथे राहू लागला. अलेक्झांडर निवर्तून सतरा वर्षे लोटली होती, त्याचे सरदार साम्राज्याच्या वाटण्यांसाठी एकमेकांचे मुलुख उद्ध्वस्त करीत होते, आणि ज्या नगरराज्यावाचून मनुष्याला मनुष्यत्व येत नाही असे ॲरिस्टॉटलने प्रतिपादिले होते, ते नगरराज्य आता परक्या फौजांच्या मर्जीवर जगत होते. अशा काळी सार्वजनिक उलाढालींपासून अलिप्त राहा असे सांगणाऱ्या एपिक्युरसला श्रोते लाभले यात नवल नाही; नवल याचे की त्या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता, आणि त्यामुळेच तिच्याविषयी नाही नाही त्या वदंता उठल्या.

त्यातून सुख हेच परमश्रेय असे हा मनुष्य उघडपणे म्हणे. फुटून गेलेला त्याचाच एक शिष्य टिमोक्रेटीस याने आवई उठविली की, गुरुजी अतिभोजनामुळे दिवसातून दोनदा वमन करतात! वस्तुतः बागेतील आहार साध्या भाकरीपाण्याचा होता, आणि चीजचे एक लहानसे मडके धाडल्यास आपल्याला हवी तेव्हा मेजवानी करता येईल, असे या कथित खादाडाने एका मित्रास कळविले होते. आपल्याकडे चार्वाकाचीही हीच गत झाली. त्याचे मत आपणांस मुख्यतः प्रतिपक्ष्यांनी मांडलेल्या पूर्वपक्षावरून कळते, आणि पूर्वपक्ष मांडणारा लेखक औदार्य दाखवील ही अपेक्षा भाबडी होय.

एपिक्युरसचे सुख म्हणजे देहाला पीडा नसणे आणि चित्ताला उद्वेग नसणे. क्षुधा शमविण्याची इच्छा नैसर्गिक आणि आवश्यक, पक्वान्नाची नैसर्गिक परंतु अनावश्यक, आणि आपला पुतळा उभारला जावा ही इच्छा या दोहोंपैकी काहीच नव्हे. पण चित्ताच्या उद्वेगाचे खरे मूळ त्याला इच्छेहूनही भयात दिसले : देवांच्या कोपाचे भय आणि मृत्यूचे भय. ते नुसत्या उपदेशाने जात नाही, त्यासाठी सृष्टीची रचनाच उलगडून दाखवावी लागते, म्हणून त्याने डिमॉक्रिटसचा अणुवाद स्वीकारला. अणू आणि पोकळी यांपलीकडे विश्वात काही नाही. देव आहेत, पण ते आपल्या आनंदात निमग्न असून मनुष्याच्या कारभारात हात घालीत नाहीत. आत्माही सूक्ष्म अणूंचाच संघात, देहाबरोबरच विखुरणारा, तेव्हा मरणोत्तर यातना भोगावयास कोणी शिल्लकच राहत नाही. अणू आपल्या मार्गावरून किंचित ढळतात, अशीही एक तजवीज या दर्शनात आहे. रोमन कवी ल्युक्रीशियसने तिचे विवरण केले असून, नियतीच्या कचाट्यातून इच्छास्वातंत्र्य सोडवून घेणे हा तिचा उद्देश. ती मला नेहमीच ओढूनताणून आणलेली वाटत आली आहे. मात्र जिच्यापायी ती आणावी लागली ती अडचण खरी आहे, आणि ती अद्याप सुटलेली नाही.

मृत्यूविषयीचा युक्तिवाद मात्र बिनतोड दिसतो : आपण आहोत तोवर मृत्यू नाही आणि मृत्यू आला की आपण नाही, मग भ्यावे कोणी? पण मनुष्याला स्वतःच्याच नाशाची भीती असते, मागे राहणाऱ्यांची चिंता नसते, असे त्यात गृहीत धरले आहे. इ. स. पू. २७० मध्ये मूतखड्याच्या असह्य वेदनांत एपिक्युरस मरण पावला. त्याचे मृत्युपत्र वाचले की हे गृहीत त्याचे त्यालाच मान्य नव्हते असे वाटू लागते. मिळकत दोघा अथेनियन नागरिकांच्या नावे, परंतु बागेचा उपभोग मीटिलीनीहून आलेल्या हर्मार्कसाने आणि सहाध्यायांनी घ्यावयाचा. म्यूस आदी गुलामांना मुक्त करावयाचे. आपला जन्मदिवस दरवर्षी साजरा व्हावा. आणि आधीच निवर्तलेला मित्र मेट्रोडोरस याच्या मुलांचे पालनपोषण करून मुलगी उपवर होताच तिच्या हुंड्याची सोय करावी. सिसरोने नेमके येथेच बोट ठेवले. मृत्यूनंतर आपले काहीच उरत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या जन्मदिवसाची तरतूद का करावी, हा त्याचा प्रश्न वकिली खाक्याचा असला तरी रास्त आहे. मित्राच्या मुलांसंबंधी मात्र सिसरोचाच स्वर मऊ होतो : ही माया या मनुष्याच्या सिद्धान्तात बसत नाही, तो आपल्या तत्त्वज्ञानाहून चांगला होता, असा त्याचा निर्वाळा. मला तो पटतो. मैत्री सुखासाठी जोडावी असे एपिक्युरसने सांगितले खरे, पण ज्या सुखाचा उपभोग घ्यावयास आपण असणार नाही त्यासाठी हुंड्याची व्यवस्था करणारा मनुष्य सुखाच्या हिशेबापलीकडे गेलेला असतो.

मृत्युपत्राचा हा प्रश्न पुढेही त्या पंथाच्या पाठीस लागला. इ. स. १२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार शतकांनंतर, अथेन्समधील पंथप्रमुखाला आपले मृत्युपत्र ग्रीक भाषेत करता यावे आणि रोमन नागरिक नसलेल्यालाही गादीवर नेमता यावे, म्हणून ट्रेजन बादशहाची विधवा प्लोटिना हिने हेड्रियनकडे अर्ज केला. ती स्वतः त्याच पंथाची होती. बादशहाने अर्ज मंजूर केला, आणि तो सारा पत्रव्यवहार अथेन्समध्ये शिळेवर कोरला गेला.