टीम लीडर आहात? मग फोनमधल्या या ४ गोष्टी आजच बदला



मी जळगावला ठिबक सिंचनाच्या सर्व्हिस टीमचा सुपरवायझर आहे. माझी पाच पोरं धुळे जिल्ह्यात फिरतात. फोन कायम चालू, रोज सकाळी ग्रुपवर कामाची यादी. मला वाटायचं, माझ्याइतका सहज सापडणारा साहेब दुसरा नसेल.

मग मे महिन्यात शिरपूरकडे एका केळीच्या बागेत फिल्टर बिघडला. आमच्या पोराने फोन केला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो आणि फोन डू नॉट डिस्टर्बवर. ग्रुपवर त्याला लिहिता येईना. गुड मॉर्निंगच्या फोटोंना कंटाळून मीच तो 'फक्त अ‍ॅडमिन' करून ठेवला होता. आणि पार्ट बदलायला माझी परवानगी लागायची. ऐन उन्हाळ्यात बाग दोन दिवस पाण्यावाचून राहिली. विचारलं तर म्हणाला, "सर, तुम्ही बिझी असणार. परत कसा फोन करू?"

मिस्ड कॉल मला दिसला होता. मी उलट फोन केला नाही.

तेव्हा कळलं, फोन चालू असणं वेगळं आणि समोरच्याला फोन करायची भीड न वाटणं वेगळं. मग मी काय बदललं, ते बघूया.

१. ग्रुप उघडा केला
व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपच्या नावावर टॅप करा, ग्रुप परमिशनमध्ये जा आणि सगळ्या मेंबर्सना मेसेज पाठवायची परवानगी द्या. नुसत्या सूचनांसाठी हवा तर वेगळा ग्रुप ठेवा.

२. दुसरा कॉल वाजू दिला
अँड्रॉइडमध्ये डू नॉट डिस्टर्बच्या कॉल सेटिंगमध्ये 'रिपीट कॉलर्स' असतं. ते ऑन असेल तर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत पुन्हा आलेला कॉल वाजतो. आयफोनमध्ये ही मुदत ३ मिनिटं आहे. पण नुसतं सेटिंग करून भागत नाही. टीमला स्पष्ट सांगा, "काम अडलं तर लगेच दुसरा कॉल करा, मी रागावणार नाही."

३. प्रत्येकाची वेळ ठरवली
गूगल कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला रिपीट होणारी १५ मिनिटं प्रत्येकाच्या नावाने टाकली. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' या पुस्तकात अशा भेटींवर भर दिला होता. त्यांचं म्हणणं, ही भेट साहेबाची नसून हाताखालच्या माणसाची असते, विषय त्यानेच ठरवायचे. म्हणून या वेळेत मी कामाची यादी विचारत नाही, ऐकतो.

४. व्हॉइस नोट चालेल, असं सांगितलं
शुद्ध मराठीत टाइप करायचं म्हटलं की पोरं मेसेजच टाळतात. आता अहिराणीत बोलून पाठवतात. मीही "काय चाली ऱ्हायनं भाऊ?" असंच विचारतो.

पाचवी गोष्ट फोनमध्ये नाही. छोटा पार्ट बदलायला आता माझी परवानगी लागत नाही. आधी काम करा, मग सांगा.

याचा अर्थ २४ तास ऑनलाइन राहा, असा नाही. रात्री आठनंतर आमच्याकडे फक्त पाणी बंद पडलं तरच फोन करायचा, हे सगळ्यांना माहीत आहे.

परवा त्याच पोराचा कॉल आला, मी उचलला नाही. दोन मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. मी मीटिंगमधून उठून बाहेर आलो.

तुमच्या साहेबाला हे समोरासमोर सांगायची भीड वाटत असेल, तर ही लिंक पाठवून द्या!