वणीची मजुरी कुठे अडते?

वणीच्या परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत आणि भोवती कापसाचं शिवार. किराणा सगळे एकाच बाजारातून भरतात, पण मजुरी प्रत्येकाची वेगळ्या रीतीने ठरते. कोल इंडियाच्या कायम कामगारांचा अकरावा वेतन करार मे 2023 मध्ये झाला. त्यात 19 टक्के किमान वाढीची हमी मिळाली आणि ती 1 जुलै 2021 पासून लागू झाली. शेतमजुराला असा करार नाही. केंद्राची राष्ट्रीय तळमजुरी 2017 मध्ये दिवसाला 176 रुपये होती, 2019 मध्ये 178 झाली आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच थांबली. लोकांचा संताप गरिबीपेक्षा या थांबण्यावर जास्त आहे, असं मला वाटतं.

रोजगार हमीची मजुरी तर महाराष्ट्रात 2023-24 मधल्या 273 रुपयांवरून पुढच्या वर्षी 297 झाली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण ही वाढ 1986-87 च्या पायावरच्या किंमत निर्देशांकाने ठरली. शिकवणी, दवाखाना, मोबाइल यांवरचा खर्च त्या जुन्या मापात कसा मावणार होता? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कापसाला भाव नसताना शेतकरी जास्त मजुरी देणार कुठून? तो देऊ शकत नाही, हे मान्यच करावं लागतं. म्हणून हा भार त्याच्यावर टाकू नये. रोजगार हमीचा दर सरकारच ठरवतं आणि खाणीतल्या कंत्राटी कामगारांचे वेगळे दरही ठरलेले आहेत. सुरुवात तिथून, दर वाढवून आणि ते खरोखर हातात पडतात का हे तपासून करता येते.