सुरतेच्या बाजारातील पिशवी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भागळ आणि चौटा बाजाराच्या गर्दीत, सरदार मार्केटच्या भाजीबाजारात किंवा खानदेशातून येऊन लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या नित्याच्या किराणा दुकानांत पातळ पिशवीच्या बंदीविषयी जी मते ऐकू येतात, ती एकत्र केली असता असे आढळते की बंदी आहे एवढे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती कोणी घातली, नेमकी कोणत्या वस्तूवर घातली आणि तिच्यामुळे ग्राहकाकडून काय अपेक्षित आहे, या तिन्ही बाबतींत कमालीचा घोळ आहे. या अज्ञानापायी दुकानदार दंड भरतो आणि ग्राहक एक निरुपयोगी पिशवी टाकून तितकीच निरुपयोगी दुसरी विकत घेतो, म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक वाटते.

पहिला समज असा, की हे महानगरपालिकेचे फर्मान आहे आणि आयुक्त बदलले की तेही बदलेल. वस्तुतः सुरतेची पालिका ही येथे अंमलबजावणी करणारी संस्था आहे; मूळ नियम केंद्र सरकारचे आहेत आणि ते काही काल-परवाचे नाहीत. पिशवीची किमान जाडी 1999 साली 20 मायक्रॉन ठरली, 2011 साली 40 आणि 2016 साली 50 झाली; पुढे ऑगस्ट 2021 मधील दुरुस्तीने ती 30 सप्टेंबर 2021 पासून 75 आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनवर नेण्यात आली. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ कायद्याची दिशा एकच राहिली आहे. ज्या 1 जुलै 2022 च्या बंदीचा दाखला लोक वारंवार देतात, ती पिशव्यांची नव्हेच. त्या दिवशी प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरील पातळ वेष्टन, सजावटीचा थर्माकोल अशा ठरावीक एकल-वापर वस्तू निषिद्ध झाल्या. पिशवीला जाडीचा निकष आधीपासून लागू होता आणि तो स्वतंत्रपणे चालू आहे.

सुरत-भुसावळ मार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे सतत ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांचा घोळ आणखी निराळा आहे. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने, 2006 च्या राज्य कायद्याचा आधार घेऊन, जाडीचा विचार न करता प्लास्टिकच्या पिशव्याच बंद केल्या आणि पहिल्या कसुरीला 5,000 रुपये दंड ठेवला. त्यामुळे गावाकडे ऐकलेला नियम हाच सुरतेचाही नियम, अशी अनेकांची समजूत होते. केंद्राच्या नियमांना जाडीची मर्यादा मान्य आहे. महाराष्ट्राने मात्र त्यापुढे जाऊन स्वतःचा अधिक कठोर नियम केला. सारांश, जी जाड पिशवी येथे नियमात बसली, तिला तापीच्या वरच्या अंगाला, राज्याची हद्द ओलांडल्यावर, तीच मुभा असेल असे धरून चालणे योग्य नव्हे.

जाडीचाच एवढा आग्रह कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 120 मायक्रॉनची पिशवीसुद्धा मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याहून किंचित पातळच असते. परंतु सुरतेत जिला सर्वजण झबला थैली म्हणतात, ती इतकी हलकी असते की कचरा वेचणाऱ्याने दिवसभर वाकून ती गोळा केली तरी भंगारवाल्याच्या काट्यावर तिचे वजन मजुरीला पुरत नाही. म्हणून ती वेचली जात नाही, वाऱ्याने उडते, गटारात शिरते, गाईच्या पोटात जाते. जाड पिशवी महाग पडते, दुकानदार ती फुकट देत नाही, ग्राहक ती जपून ठेवतो आणि शेवटी भंगारातही तिला भाव येतो. बोटांनी चाचपून जाडी कळत नाही, त्यासाठी नियमानेच उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि जाडी पिशवीवर छापणे बंधनकारक केले आहे. कोऱ्या पिशवीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

माझ्या मते सर्वांत खेदजनक गैरसमज याच शहरात असावा, हे आश्चर्य आहे. रंगीत, मऊ, कडांना चिकटवलेली जी पिशवी कापडी म्हणून दुकानोदुकानी दिली जाते, ती कापडाची नसून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. तिच्यात ना ताणा ना बाणा, तंतू उष्णतेने एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. ज्या नगरीत हातमागापासून यंत्रमागापर्यंत पिढ्यान्‌पिढ्या विणकाम चालत आले आणि ज्या वस्त्यांत यंत्रमागाचा आवाज हेच घड्याळ आहे, तेथील माणसाने ती उजेडात धरली तर उभे-आडवे धागे नाहीत हे त्याला क्षणात दिसेल. कायद्यानेही तिला प्लास्टिकच मानले असून दर चौरस मीटरला किमान 60 ग्रॅम वजनाची अट घातली आहे. बाजारात दिसणाऱ्या, दोन खेपांत उसवणाऱ्या हलक्या पिशव्या या अटीत बसणे कठीण आहे.

याच्या उलट टोकाला, जुन्या साडीची पिशवी शिवणाऱ्या गृहिणीस कोणी म्हणावे की सुरती साडी तर पॉलिएस्टरची, म्हणजे तीही प्लास्टिकच, तर ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. तथापि त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ती साडी पूर्वीच विणली गेली आहे, तिच्यावरचा खर्च होऊन गेला आहे, आणि पिशवी होऊन ती आणखी काही वर्षे कामास आली तर नव्या वस्तूची गरज टळते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीशी हवामानावरील परिणामापुरती तुलना करता, कागदी पिशवी निदान 3 वेळा आणि सुती पिशवी 131 वेळा वापरली तरच ती बरोबरीस येते, असे आढळले. या आकड्यांचा आधार घेऊन पातळ पिशवीचे समर्थन करणारे हे विसरतात की तुंबलेले नाले आणि मेलेली जनावरे त्या हिशेबात धरलेली नाहीत. पण त्यातून एक गोष्ट निश्चित होते : पिशवी कशाची केली याइतकेच ती किती वेळा वापरली हे महत्त्वाचे आहे, आणि दर खेपेस नवी सुती पिशवी विकत घेणारा मनुष्य पर्यावरणाचे काहीच हित साधत नाही.

‘विरघळणाऱ्या’ पिशवीबद्दलही असाच भाबडा विश्वास आहे. खतात रूपांतर होणाऱ्या पिशवीस जाडीची अट नाही हे खरे. परंतु ती भारतीय मानक 17088 च्या कसोटीस उतरली पाहिजे आणि तिच्या उत्पादकाजवळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र पाहिजे. ही कसोटी सुमारे 58 अंश उष्णतेच्या नियंत्रित खतप्रक्रियेत घेतली जाते. सुरतेतील मिठी खाडीच्या पाण्यात वा गटाराच्या गाळात तशी स्थिती नसते.

खाडीचा उल्लेख सहज केलेला नाही. पावसाळ्यात खाड्यांचे पाणी लिंबायत-पर्वत पाटिया भागांत घरांत शिरते, तेव्हा त्याला अतिवृष्टी, भरती, अतिक्रमणे अशी अनेक कारणे असतात आणि सर्व दोष पिशवीवर लादणे अन्यायाचे होईल. पण पाण्याची वाट अडवण्यात तिचा वाटा असतो, हे ओळखूनच बांगलादेशाने पुरांच्या अनुभवानंतर 2002 साली पातळ पिशव्या बंद केल्या. सप्टेंबर 1994 च्या प्लेगमध्ये ज्या शहरातून लाखो लोक पळाले आणि पुढच्याच वर्षी आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत जे पुन्हा स्वच्छतेच्या मार्गास लागले, त्या सुरतेला कचरा तुंबण्याची किंमत कोणी नव्याने शिकवावी अशी स्थिती नाही.

पिशवीचे पैसे सरकारी हुकुमाने घेतले जातात, हेही खरे नाही. 2016 च्या नियमांतील तशी तरतूद मार्च 2018 मध्ये वगळण्यात आली. आणि पूर्वसूचना न देता गल्ल्यावर ऐनवेळी पिशवीचे पैसे मागणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये म्हटले. ग्राहकाने आगाऊ विचारावे, आणि शक्यतो स्वतःची थैली पुढे करावी.

दुधाची थैली चालते आणि भाजीची का नाही, या आक्षेपाचे उत्तर नियमातच आहे : विक्रीपूर्वी मालासह मोहोरबंद झालेले आवरण हे वेष्टन ठरते, हातात धरून नेण्याची पिशवी नव्हे, आणि ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दुधाची रिकामी थैली धुऊन दिली तर भंगारवाला ती घेतो. मात्र कात्रीने कापून टाकलेला तिचा कोपरा इतका लहान आणि हलका असतो की तो कोणीच वेचत नाही, म्हणून थैली कापताना तो तुकडा एका कडेला जोडलेलाच ठेवावा.