किहीम परिसरातील निवासी जलतरण तलावांसाठी उष्णता पंप : उभारणीचे शास्त्र आणि स्थानिक मर्यादा

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील अलिबाग तालुक्यात, अलिबाग शहराच्या उत्तरेस समुद्रकिनारी वसलेले किहीम हे माड-पोफळीच्या वाड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास याच गावी केला. मुंबईपासून जलमार्गाने मांडवा बंदर जवळ असल्याने गेल्या काही दशकांत येथे सुटीतील निवासासाठी बंगले उभे राहिले. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्यावर मोटारीने येणे अधिक सुलभ झाले. अशा अनेक बंगल्यांच्या आवारात खासगी जलतरण तलाव आढळतात आणि हिवाळ्यात त्यांचे पाणी तापविण्याची मागणी वाढत आहे. त्यासाठी उष्णता पंप, म्हणजेच हीट पंप, हे साधन वापरले जाते. मात्र थंड देशांतील माहितीपत्रकांप्रमाणे ते बसविल्यास किनारी गावात अपेक्षित लाभ मिळतोच असे नाही. प्रस्तुत लेखात या यंत्राचे तत्त्व, क्षमतेचे गणित, उभारणीची पद्धत आणि गावाच्या सामायिक साधनांशी असलेला तिचा संबंध यांचे विवेचन केले आहे.

उष्णता पंपाचे तत्त्व :

उष्णता स्वाभाविकपणे अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. तिला उलट दिशेने न्यावयाचे असल्यास बाहेरून कार्य करावे लागते. ही कल्पना लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडली. झुरिच येथील नगरसभागृह १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातील उष्णतेवर उबदार ठेवण्यात आले, हे या तंत्राचे एक प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण होय.

घरातील शीतकपाट आतील उष्णता बाहेर टाकते. तलावाचा उष्णता पंप हवेतील उष्णता पाण्यात टाकतो. त्यातील शीतक द्रव बाष्पकात हवेची उष्णता शोषून वायुरूप होतो. कॉम्प्रेसर त्याचा दाब व तापमान वाढवितो. संघनकात तो आपली उष्णता पाण्यास देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि प्रसरण झडपेतून बाष्पकाकडे परततो. विजेचा उपयोग उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती वाहून नेण्यासाठी होत असल्याने १ युनिट विजेवर सुमारे ५ युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तरास कार्यक्षमता गुणांक म्हणतात.

हा गुणांक स्थिर नसतो. हवा थंड झाली अथवा पाणी अधिक गरम करावयाचे असले की तो घटतो. अलिबाग परिसरात जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर दुपारी हवा ३० अंशांजवळ पोहोचते. म्हणून येथे यंत्र रात्रीऐवजी दिवसा चालविणे अधिक लाभदायक ठरते. हवेतील दमटपणाही साहाय्यक ठरतो, कारण बाष्पकावर बाष्पाचे दव होताना त्यातील सुप्त उष्णता यंत्रास मिळते. त्यामुळे यंत्राखाली बरेच पाणी साचते आणि नळी फुटल्याचा गैरसमज होतो. अशा वेळी कॉम्प्रेसर बंद ठेवून केवळ पाण्याचे अभिसरण चालू ठेवावे. ठिबकणे थांबले तर ते दवाचे पाणी होय. न थांबल्यास गळती शोधावी.

क्षमतेचे गणित :

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद व सरासरी १.४ मीटर खोल तलावाचे उदाहरण घेऊ. त्यात सुमारे ४५,००० लिटर पाणी मावते. १,००० लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास १.१६ युनिट उष्णता लागते. म्हणजे २३ अंशांवरील हे पाणी २८ अंशांवर नेण्यास सुमारे २६२ युनिट उष्णता हवी. साध्या विद्युत तापकाने तेवढीच वीज खर्च होईल. गुणांक ५ असलेल्या उष्णता पंपास सुमारे ५२ युनिट पुरतील. १२ किलोवॉट उष्णता देणारे यंत्र निवडल्यास ते सुमारे २.४ किलोवॉट वीज घेईल आणि कोणताही ऱ्हास न धरता त्यास जवळजवळ २२ तास लागतील.

परंतु ऱ्हास न धरणे हीच या गणितातील मोठी चूक असते. उघड्या तलावाची उष्णता प्रामुख्याने बाष्पीभवनाने जाते. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७५ युनिट उष्णता निघून जाते. वरील तलावाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर आहे. त्यावरून १ मिलिमीटर पाणी उडाले तरी ३२ लिटर पाणी आणि सुमारे २२ युनिट उष्णता जाते. कोरड्या, वाऱ्याच्या हिवाळी दिवशी ५ मिलिमीटर बाष्पीभवन गृहीत धरल्यास एका दिवसाचा तोटा १६० लिटर पाणी व १०८ युनिट उष्णता इतका होतो.

आता सुटीपुरत्या वापराचा विचार करू. शनिवारी येणाऱ्या कुटुंबासाठी बुधवार ते शुक्रवार रोज ९ तास याप्रमाणे यंत्र २७ तास चालविले, तर ते ३२४ युनिट उष्णता देईल. तलाव उघडा असल्यास त्याच तीन दिवसांत बाष्पीभवनाने जाणारी उष्णताही ३२४ युनिट भरते. दिवसाच्या उन्हामुळे यातील काही तूट भरून निघते. तरीही यंत्राची बरीचशी वीज केवळ हवा दमट करण्यात खर्ची पडते. तलावावर पृष्ठभागास टेकणारे आच्छादन टाकल्यास हे बाष्पीभवन बहुतांशी थांबते. म्हणून किहीमसारख्या ठिकाणी उभारणीची पहिली पायरी आच्छादन आणि दुसरी पायरी यंत्र, असा क्रम मानणे युक्त होय. आच्छादनाविना मोठे यंत्र घेणे म्हणजे फुटक्या घागरीसाठी मोठा रहाट बसविण्यासारखे आहे.

स्पा, म्हणजेच उष्ण जलकुंड, याची गोष्ट वेगळी आहे. १,५०० लिटर पाणी २४ अंशांवरून ३८ अंशांवर नेण्यास सुमारे २४ युनिट उष्णता लागते. पाणी अधिक गरम असल्याने गुणांक ४ धरला, तरी ६ युनिट वीज व दोन-अडीच तास पुरतात. महिन्यातून एक-दोनदाच येणाऱ्या कुटुंबाने संपूर्ण तलावाऐवजी केवळ जलकुंड तापविणे अधिक शहाणपणाचे ठरते. जलकुंडाचे तापमान ४० अंशांवर नेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना त्यात उतरू नये.

जागेची निवड व उभारणी :

दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे मिठाचे सूक्ष्म कण वाहून आणतात. बाष्पकाच्या ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्या त्यामुळे गंजतात आणि यंत्र अल्पावधीत निकामी होऊ शकते. म्हणून यंत्र शक्यतो घराच्या पूर्वेस, इमारतीच्या आडोशाला ठेवावे. पत्र्यांवर गंजरोधक लेप असावा आणि त्या दर आठवड्यास गोड्या पाण्याच्या मंद धारेने धुवाव्यात. आडोसा म्हणजे कोंडवाडा नव्हे. हवा आत घेण्याच्या बाजूस सुमारे अर्धा मीटर व पंख्यासमोर दोन ते तीन मीटर जागा मोकळी हवी. अन्यथा बाहेर टाकलेली थंड हवाच पुन्हा आत ओढली जाते. सुरूची पाने पत्र्यांत अडकतात आणि माडाखाली नारळ व झावळ्या पडतात. ही दोन्ही स्थाने टाळावीत.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वाड्यांतील असंख्य झाडे उन्मळून पडली आणि वीजपुरवठा खंडित झाला. हा अनुभव पाहता यंत्र काँक्रीटच्या उंच चौथऱ्यावर गंजरहित पोलादी बोल्टांनी घट्ट बसविणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तलाव तापविण्याची गरज क्वचितच भासते. त्या काळात वीज तोडून, आतील पाणी काढून, हवा खेळती राहील अशा रीतीने यंत्र झाकावे.

जलवाहिनीत पाण्याचा क्रम निश्चित असावा : प्रथम अभिसरण पंप, मग फिल्टर, त्यानंतर उष्णता पंप आणि सर्वांत शेवटी क्लोरीन सोडण्याचे साधन. क्लोरीनचे तीव्र द्रावण मागे फिरून संघनकात शिरू नये यासाठी मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. यंत्राभोवती तीन झडपांची बायपास वाहिनी ठेवल्यास प्रवाहाचे नियमन करता येते व दुरुस्तीच्या वेळी तलाव बंद पडत नाही. संघनकाची नळी टायटॅनिअमची असणे इष्ट होय, कारण तांबे क्लोरीन व खारट पाण्यापुढे फार काळ टिकत नाही. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ या मर्यादेत ठेवावा. जड पाण्यामुळे नळीत क्षार साचतात, म्हणून विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्याची आधी तपासणी करावी.

विद्युतसुरक्षेबाबत तडजोड करता येत नाही. यंत्र व त्याचे बटण तलावाच्या काठापासून साडेतीन मीटरच्या पलीकडे असावे. स्वतंत्र वीजवाहिनी, ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी, ‘आयएस ३०४३’ या भारतीय मानकानुसार भूसंपर्कन आणि तलावाजवळील सर्व धातूच्या भागांची परस्पर जोडणी आवश्यक आहे. हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे आणि वाढीव भार महावितरणकडून मंजूर करून घ्यावा. शीतकाची निवडही विचारपूर्वक करावी. भारताने किगाली दुरुस्तीस २०२१ मध्ये मान्यता दिली असल्याने हायड्रोफ्लुओरोकार्बन शीतकांचा वापर क्रमशः घटणार आहे. आर-४१०ए या शीतकाची तापमानवाढ-क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट, तर आर-३२ ची ६७५ पट मानली जाते.

गावाची सामायिक साधने :

खासगी तलाव आवाराच्या भिंतीआड असला, तरी त्याला लागणारे पाणी, वीज व शांतता ही गावाच्या सामायिक ठेव्यातून येतात. किनाऱ्यालगत गोड्या भूजलाचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. अतिउपसा झाल्यास खारे पाणी विहिरींत शिरते आणि त्याची झळ प्रथम शेजारच्या वाडीस बसते. उघड्या तलावातून वर दर्शविल्याप्रमाणे महिन्याला ४,८०० लिटर पाणी उडून जाऊ शकते. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत किनाऱ्यालगतच्या बांधकामावर व भूजल उपशावर निर्बंध आहेत. तलाव बांधण्यापूर्वी त्यांची शहानिशा करणे बंधनकारक समजावे.

ध्वनीचाही विचार आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पंख्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे आणि यंत्राखाली रबरी आधार असावेत. यंत्र दिवसा चालविल्यास कार्यक्षमता वाढते, रात्रीची शांतता टिकते आणि छतावर सौर विद्युत संच असल्यास त्याची वीज थेट उपयोगी पडते.

समारोप :

उष्णता पंप हे विद्युत तापकाच्या तुलनेत निश्चितच काटकसरीचे साधन आहे आणि किहीमची उबदार, दमट हवा त्यास अनुकूल आहे. मात्र त्याच हवेतील मीठ त्याचे आयुष्य घटविते, आणि उघडा पृष्ठभाग त्याची कमाई उडवून लावतो. आधी आच्छादन, नंतर गरजेपुरते यंत्र, वाऱ्याआडची जागा, दिवसाचा वापर व नियमित धुलाई हा क्रम पाळल्यास मालकाचा खर्च कमी होतो. त्याचबरोबर विहिरीतील पाणी, रोहित्रावरील भार आणि शेजारची झोप यांचेही रक्षण होते. सुटीपुरत्या येणाऱ्या कुटुंबाच्या सुखाची किंमत वर्षभर राहणाऱ्या गावकऱ्यांना मोजावी लागू नये, ही या उभारणीची खरी कसोटी होय.